ह्याला कंट्रोल कुठाय?

म्हैसुरात बोलण्या-ऐकण्याची सरकारी सोय चोख आहे. मानसगंगोत्रीच्या झाडीत वाचा आणि श्रवण यांची अखिल भारतीय संस्था आहे, १९६५ सालची. बोलता येत नाही, ऐकू येत नाही म्हणून देशभरातून माणसं तिथे येतात. तिथेच भारतीय भाषांची केंद्रीय संस्था आहे, १९६९ सालची. कोण, कुठे, कोणती भाषा बोलतं याची चौकशी ती करते. एवढं सगळं हाकेच्या अंतरावर असताना आमच्या दाजींनी आयुष्याला विषय कोणता घ्यावा? तर ज्यात बोलणाऱ्याला तोंड नाही आणि ऐकणाऱ्याला कान नाहीत. दाजी पेशींचं बोलणं ऐकतात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे बेळगावचे, त्यामुळे मराठीत 'थांबा की जरा' आणि कन्नडमध्ये 'स्वल्प इरी' हे ते सारख्याच ठसक्यात म्हणतात, आणि दिवसभर म्हणत असतात. म्हैसूरच्या एका प्रयोगशाळेत ते आतड्याच्या अस्तराच्या पेशी आणि चेतापेशी एकमेकींना काय कळवतात ते तपासतात. त्यांचं सगळं विश्व काचेच्या एका पट्टीवर मावतं. पट्टीवर पारदर्शक सिलिकॉन रबराचा तुकडा चिकटवलेला, पोस्टाच्या तिकिटाहून थोडा मोठा. त्यात केसाच्या जाडीचे पाट कोरलेले. त्या पाटांतून पेशींचं खाणंपिणं फिरतं आणि एकीनं सोडलेला निरोप दुसरीपर्यंत जातो. शास्त्रात ह्याला मायक्रोफ्लुइडिक चिप म्हणतात. ताई 'ती काच' म्हणते. दाजींची थोरली आत्या 'पोराच्या पन्हळी' म्हणते.

दाजींची ही जात आता दुर्मीळ राहिलेली नाही. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, पवईला आयआयटी आहे, बंगळुराचं तर विचारूच नका. तुमच्याही मावशीचा एखादा जावई असला असेल. पंगतीत जिलबी सोडून जो पाण्याच्या जगकडे बघत बसतो आणि वाढप्याला 'हळू ओता, कडेनं ओता' म्हणतो, तो तोच.

पंगतीत शेजारी नवा माणूस बसला की दाजी त्याला ऑटो लोवी यांची गोष्ट सांगतात. आम्हाला ती पाठ आहे, पण नवा माणूस मठ्ठा संपेपर्यंत उठू शकत नाही. तर, साल १९२१, ऑस्ट्रियातलं ग्राझ. लोवींना रात्री स्वप्नात एक प्रयोग सुचला. त्यांनी उठून चिठोऱ्यावर खरडला, आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दिवसभर तळमळले. पुढच्या रात्री तीनच्या सुमाराला तोच प्रयोग पुन्हा सुचला, तेव्हा कागदाच्या भानगडीत न पडता ते तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकांची दोन हृदयं घेतली. एकाची चेता शाबूत ठेवली, दुसऱ्याची काढून टाकली. पहिल्याच्या चेतेला विजेचा धक्का दिला, तशी त्याची धडधड मंदावली. मग त्याच्यातलं मिठाचं पाणी काढून दुसऱ्यावर सोडलं. कोणी हातही न लावता दुसरंही मंदावलं! म्हणजे निरोप पाण्यातून गेला होता. पेशी एकमेकींशी रसायनांतून बोलतात याचा तो धडधडीत पुरावा. १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासोबत लोवींना नोबेल मिळालं.

"आम्ही अजून तेच करतोय बघा," दाजी शेवटी म्हणतात. "फक्त हृदयाच्या जागी चार-दोन पेशी, आणि पेल्याच्या जागी पन्हळ."

ह्या गोष्टीचा घरावर झालेला परिणाम एवढाच, की दाजींच्या उशाशी वही आणि पेन्सिल असते. अंधारात त्यांनी खरडलेलं सकाळी ताईला वाचून द्यावं लागतं. एकदा दोघांनी चहा गार होईपर्यंत डोकं खाजवल्यावर जो मजकूर लागला तो होता, 'दूधवाल्याचे पैसे'. तरी वही हललेली नाही. नोबेल आधी की दूधवाला आधी, ते पहाटे तीनला कोणी सांगावं?

दाजींना जगात शत्रू एकच: बुडबुडा. तुम्हाआम्हाला बुडबुडा म्हणजे क्षणभंगुर. केसाएवढ्या पाटात मात्र तो क्षणभंगुर नसतो, ठाण मांडून बसतो. प्रवाह अडतो, पुढच्या पेशी उपाशी राहतात. आणि पंपाचा जोर वाढवून त्याला हाकलावं, तर जाताजाता तो पेशी खरवडून घेऊन जातो. कित्येक आठवड्यांची जोपासना एका बुडबुड्यासरशी कचऱ्यात. त्यामुळे दाजींची नजर सतत बुडबुडा हुडकत असते. कोणी आजारी पडलं की ते अगत्यानं भेटायला जातात, पण खाटेशी उभे राहिल्यावर 'कसं वाटतंय?' विचारायच्या आधी सलाईनच्या नळीला टिचकी मारतात. पेशंटचे नातेवाईक घाबरतात. नर्स दटावतात. दाजी शांतपणे म्हणतात, "थांबा की जरा, निघू दे." मग पेशंटकडे वळून हसतात. पेशंटला तेवढ्यानं बरं वाटतं, असा त्यांचा अनुभव आहे. (ह्याला कंट्रोल कुठाय, हा त्यांचाच लाडका प्रश्न त्यांना अजून कोणी विचारलेला नाही.)

चिप कशी होते ते मी एकदा त्यांच्या प्रयोगशाळेत उभा राहून पाहिलं. मला वाटलं होतं, चकचकीत यंत्रं असतील, बटणं असतील. दाजींनी कपाटातून प्लास्टिकचा पेला आणि आइस्क्रीमचा लाकडी चमचा काढला. पेल्यात काकवीइतका दाट, पण बिनरंगी द्रव ओतला. दहा भागांना एक भाग या मापानं त्यात तो घट्ट करणारा दुसरा द्रव घातला आणि घोटायला सुरुवात केली. घोटता घोटता पेल्याला पांढरा फेस आला. म्हणजे शत्रूच शत्रू. मग पेला काचेच्या जाड भांड्यात ठेवला आणि आतली हवा ओढून घेणारा पंप सुरू केला. फेस वर चढू लागला, काठापर्यंत आला, आता सांडणार म्हणून मी मागे सरकलो. दाजींनी झडप किंचित उघडली, फेस मटकन खाली बसला. पुन्हा पंप, पुन्हा फेस, पुन्हा झडप. असं बराच वेळ. दाजी त्या भांड्याला नाक लावून उभे. मी काही विचारायला तोंड उघडलं की त्यांचा डावा हात वर: थांबा की जरा. शेवटी पेल्यात असं काही उरलं की ते आहे की नाही ते कळेना, इतकं नितळ. ते साच्यावर ओतलं, भट्टीत ठेवलं. तासा-दोन तासांनी घट्ट झालेला तुकडा साच्यावरून सोलून काढला, तेव्हा उजेडात तिरका धरल्यावर त्यावरचे पाट दिसले.

"ही रीत हार्वर्डच्या व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेची, १९९८ सालची," दाजी म्हणाले. "त्याआधी काच नाहीतर सिलिकॉन खोदत बसायला लागायचं. आता साचा मिळाला की पेला, चमचा आणि भट्टी. गरिबाचं शास्त्र हो." मग तो तुकडा आणि काचेची पट्टी प्लाझ्माच्या यंत्रात गेली, आत जांभळट उजेड पडला. बाहेर काढल्याबरोबर दोन्ही एकमेकांवर ठेवली की जन्माची चिकटतात. उशीर केला तर चिकटत नाहीत, आणि वाकडी बसली तर सुटत नाहीत. ते ठेवताना दाजींच्या कपाळावर जो घाम होता, तो त्यांच्या लग्नाच्या व्हिडिओतही नाही.

ह्या रबराचं पूर्ण नाव पॉलिडायमिथाइलसिलॉक्सेन. गंमत अशी, की पोटातल्या गॅसवर जे सिमेथिकोन देतात, ते ह्याच पदार्थात सिलिका मिसळून केलेलं असतं. ते फेसाचे बुडबुडे फोडतं. दाजींनी हे मोठ्या कौतुकानं थोरल्या आत्यांना सांगितलं, कारण त्या जेवणानंतर नेमानं तीच गोळी घेतात. आत्यांनी गोळी उजेडात धरून पाहिली. "मग तुझ्या पन्हळींनाच एक दे की रे. माझ्या पोटात जे बुडबुडे फोडतंय, ते तुझ्याकडे बुडबुडे कशाला धरून बसतंय?" दाजी 'चांगला प्रश्न आहे' म्हणाले. हे ते परिषदेतही म्हणतात, उत्तर नसलं की.

बुडबुड्यानंतर धूळ. चिपवर धुळीचा कण बसला तर पाट तुंबतो, म्हणून चिकटवण्याआधी त्यावर सेलोटेप लावून ओढायची असते. हजारोंच्या यंत्रांच्या रांगेत हा उपाय दहा रुपयांचा. त्यामुळे सेलोटेपची गुंडाळी कायम दाजींच्या खिशात. पाहुणा दारात उभा राहिला की बोलता बोलता त्याच्या खांद्यावरचा धागा टेपनं टिपून घेतात. म्हैसूरची अगरबत्ती जगात जाते. दाजींच्या घरात ती लावायला बंदी नाही, पण लागली की ते अंगणात जाऊन शर्ट झटकून येतात.

साचा मात्र दाजींच्या प्रयोगशाळेत होत नाही. तो बंगळुरात, धूळमुक्त खोलीत तयार होतो. भारतीय विज्ञान संस्थेच्या नॅनो केंद्रात बाहेरच्या संशोधकांनाही काम करू देतात. साचा म्हणजे सिलिकॉनची तळहाताएवढी गोल चकती, लख्ख, आणि तिच्यावर पाटांची नक्षी उठवलेली. ती घेऊन दाजी संध्याकाळच्या चामुंडी एक्स्प्रेसनं परततात. डबा मांडीवर. डबा उघडू नये हे जगाला सांगणारे तेच, आणि तडा गेला की काय म्हणून दर दोन स्टेशनांनी उघडून बघणारेही तेच. मंड्याला एक बाई समोर येऊन बसल्या. केसांत मल्लिगेचा भरगच्च गजरा, गर्दीत कललेला. दाजींच्या डब्यात काहीतरी चमकलं तसा त्यांनी हात पुढे केला: जरा आरसा देता का? आता हा आरसा नव्हे हे कन्नडमध्ये समजवायचं, तर त्यासाठी तोंड उघडायचं, आणि तोंड उघडलं तर श्वासाची वाफ चकतीवर. दाजींनी श्वास रोखून, चिमट्यानं काठ पकडून, हात लांब करून चकती त्यांच्यासमोर धरली. बाईंनी सावकाश गजरा नीट केला, टिकली नीट केली, पदर नीट केला. मग जवळून निरखून म्हणाल्या, "आरशाला चरे पडलेत. दुकानदारानं फसवलं तुम्हाला, बदलून घ्या." ते चरे कागदावर मांडून, तपासून, चकतीवर उठवण्यात दाजींचे चार महिने गेले होते. पण गजरा छान बसला, असं तेच सांगतात.

पेशी आल्या की त्यांचं संगोपन आलं. ३७ अंश तापमान, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, दोन-तीन दिवसांनी ताजं खाद्य. हे खाद्य गुलाबी असतं. पेशींनी ते आंबट करून ठेवलं की पिवळं पडतं, म्हणजे बदलायची वेळ झाली. पेशींना रविवार कळत नाही, दिवाळी कळत नाही, साडूच्या मुलीचं लग्न कळत नाही. मंगलाष्टकं संपून पंगत बसेपर्यंतच्या वेळात दाजी गायब होतात आणि मसालेभात यायच्या आत परततात. कुठे गेला होता, असं आता कोणी विचारत नाही. फक्त ताई भुवया उंचावते, आणि दाजी 'सेल्स खूश आहेत' म्हणून पानावर बसतात. खूश पेशी काचेवर पसरून, पाय रोवून बसलेल्या असतात. रुसलेल्या गोल होतात आणि सुटून तरंगायला लागतात. दाजींच्या चेहऱ्यावरून ताईला दारातच कळतं, आज कोणत्या. "आमचा गीझर बिघडून महिना झाला," ती म्हणते, "पण त्यांच्या सेल्सना ३७ म्हणजे ३७. साडेछत्तीस झालं की फोन येतो." खरंच येतो. पेशींना ऊब देणारा इन्क्युबेटर दाजींना रात्री फोन करतो. दाजी पहिल्या घंटेला उचलतात. आम्ही केला तर पाचव्यांदा.

दाजींचा एक शब्दप्रयोग सगळ्यात घातक. कोणी काहीही सांगा, की बाबा आल्याचा काढा घेतला आणि खोकला गेला, गाडीला लिंबू बांधलं आणि पंक्चर थांबली, दाजी चष्मा पुसत विचारणार, "ह्याला कंट्रोल कुठाय?" म्हणजे काढा न घेता खोकला गेला नसताच हे कशावरून? बाकी सगळं तेच ठेवून फक्त काढा वगळून पाहिलंय का? ह्या एका प्रश्नानं त्यांनी नात्यातल्या निम्म्या गप्पा मारल्या आहेत. त्यांना पुरून उरल्या त्या फक्त शेजारच्या अज्जी. अज्जींनी सांगितलं, चामुंडीच्या डोंगराच्या हजारभर पायऱ्या चढले आणि माझे गुडघे बरे झाले. दाजींनी चष्मा काढला. "आणि न चढणाऱ्याचे?"

"आमचे यजमान नाही चढले," अज्जी म्हणाल्या.

"मग त्यांचे?"

"त्यांचेही बरे झाले. त्यांच्यासाठी नवस मीच बोलले होते की!"

दाजींनी चष्मा परत घातला. कंट्रोलच बाटलेला असला की पुढे बोलण्यात अर्थ नसतो.

दाजींना नास्तिक समजू नका. खंडेनवमीला म्हैसुरात आयुधपूजा जोरात असते; रिक्षा, लेथ, बस, लॅपटॉप, कशालाही हळदकुंकू चुकत नाही, आणि दारात कुंकू भरलेला कोहळा फुटतो. दाजींच्या प्रयोगशाळेतही पूजा होते. पण मायक्रोस्कोपवर कुंकू उधळलेलं पाहिलं की दाजींचा जीव वरखाली होतो. एकेक कण म्हणजे त्यांना तुंबलेला पाट दिसतो. म्हणून त्यांनी तोड काढली. हळदकुंकू आणि एक फूल झिपच्या पाकिटात बंद करायचं आणि ते पाकीट सेलोटेपनं पंपाला, मायक्रोस्कोपला, इन्क्युबेटरला लावायचं. तिथल्या जुन्या मदतनिसाला हे पटेना. "सार, बंद पाकिटातून देवीला कसं पोचणार?"

"पोचतं. झिरपून पोचतं. जरा वेळ लागतो," दाजी म्हणाले, आणि राहवलं नाही म्हणून फळ्याकडे वळले. ग्लुकोजसारखा छोटा रेणू स्थिर पाण्यात निव्वळ झिरपत केसाएवढं अंतर तोडायला दहाएक सेकंद घेतो. तोच रेणू सेंटिमीटरभर जायला जवळजवळ दिवस लावतो. अंतर शंभरपट झालं की वेळ दहा हजारपट. म्हणून तर पेशी शेजारणीशी बोलतात, आणि लांबचा निरोप रक्ताच्या प्रवाहात सोडावा लागतो. म्हणून तर पाट इतके बारीक. मदतनिसानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि हिशोब केला. "म्हणजे आज लावलं तर विजयादशमीला पोचेल. चालतंय सार." त्या दिवशी सगळ्या यंत्रांना पाकिटं लागली.

आता आत्यांची हकीकत. दाजींना आत्या दोन, थोरली आणि धाकटी, आणि दोघींचं आजीच्या तांब्याच्या बंबावरून बोलणं बंद. बंब कोणाकडे आहे हे महत्त्वाचं नाही. दोघींकडे गीझर आहेत. नात्यातल्या प्रत्येकानं मध्यस्थी करून पाहिली होती आणि प्रत्येक मध्यस्थीनं प्रकरण एक इंच चिघळलं होतं. एका वर्षी दसऱ्याला दोघी एकदमच दाजींच्या सरस्वतीपुरमच्या घरी उतरल्या. ताईला घाम फुटला. दाजी मात्र कधी नव्हे ते घरातल्या गोष्टीकडे लक्ष देऊन बघू लागले.

"तुमचं चुकतंय कुठं सांगू?" ते आम्हाला म्हणाले. "तुम्ही सगळ्यांना एका खोलीत बसवता. सगळे एकदम बोलायला लागले की कोण कोणाला काय म्हणालं, ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. आधी वेगळं बसवायला पाहिजे. मग मध्ये एवढीशी वाट ठेवायची."

हे त्यांच्या धंद्यातलं शहाणपण. १९७७ मध्ये रॉबर्ट कॅम्पेनॉट यांनी चेतापेशींसाठी भिंती घालून वेगळे कप्पे केले. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी तेच चिपवर आणलं: दोन खोल्या आणि मध्ये १० मायक्रॉन रुंद, ३ मायक्रॉन उंच असे बोगदे. पेशीचं धूड त्यातून जात नाही. तिचा लांबलचक तंतू तेवढा पलीकडे पोचतो. आणि एका खोलीतली पातळी किंचित वर ठेवली की पाणी एकाच दिशेला सरकत राहतं, पलीकडचं औषध उलटं इकडे येत नाही. कोणी कोणाला काय दिलं, ह्याचा हिशोब स्वच्छ राहतो.

तर दाजींनी थोरल्या आत्यांना स्वयंपाकघरात बसवलं, उंच स्टुलावर. धाकट्या आत्या जेवणघरात, चटईवर. मध्ये भिंतीत वाढायची खिडकी, वाटी जाईल एवढी उघडी. नियम एक: खिडकीतून शब्द जाणार नाही, आणि घरातलं कोणी निरोप नेणार नाही. दोघींना काय वाटलं असेल ते असो. भाचा शास्त्रज्ञ असल्यामुळे त्याचं बरंच खपतं.

पहिल्या दिवशी थोरल्यांनी आपल्या हातानं कुटलेली शेंगाचटणी वाटीत घातली आणि खिडकीत सरकवली. पलीकडे बराच वेळ काही हाललं नाही. मग वाटी परत आली. आपल्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत, पण भांडण असेल तर करतात. वाटीत बेळगावी कुंद्याचा डाव होता.

आम्ही टाळ्या वाजवणार तेवढ्यात दाजींचा डावा हात वर. "थांबा की जरा. ह्याला कंट्रोल कुठाय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईला चटणी कुटायला लावलं. शेंगदाणे त्याच पिशवीतले, तिखट तेच, वाटी तीच, वेळ तीच; फक्त हात वेगळा. थोरल्यांना काही न कळवता वाटी खिडकीतून सरकवली. पलीकडून बोट चाटल्याचा आवाज आला, मग नळाचा. वाटी परत आली, घासूनपुसून, पालथी घालून. रिकामी. दाजींचे डोळे चमकले. तिसऱ्या दिवशी उलट: थोरल्यांच्याच हातची चटणी, पण अनोळखी स्टीलच्या डबीत. डबी कुंद्यानं भरून आली. म्हणजे निरोप वाटीत नव्हता, खिडकीत नव्हता, वेळेतही नव्हता. निरोप चटणीत होता. दाजींनी वहीत तीन रेघा ओढून तक्ता केला. त्याच रात्री खिडकीतून, नियम मोडून, धाकट्या आत्यांचं डोकं आत आलं.

"अक्का, मीठ कमी पडायलंय की गं तुझ्या हातानं."

"तुझी जीभ गेलीय," थोरल्या म्हणाल्या, आणि स्टुलावरून उतरल्या.

मग जेवणघरात बंबाचा विषय निघाला आणि मध्यरात्रीपर्यंत असा रंगला की शेजारच्या अज्जी उठून आल्या. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं. पण एकाच सतरंजीवर बसून चाललं होतं, आणि मध्येच एकीनं दुसरीच्या गुडघ्यांची चौकशी केली. अज्जींनी लगेच पायऱ्या सुचवल्या. ताईनं डोळे पुसले. मी दाजींकडे पाहिलं. एवढं मोठं काम आमच्यापैकी कोणाला जमलं नव्हतं. ह्या माणसानं मध्यस्थीचा चकार शब्द न काढता केलं होतं. त्यांचं अभिनंदन करावं म्हणून हात पुढे केला, तर दाजी वहीकडे बघत खिन्न बसलेले.

"काय झालं?"

"एकदाच झालंय," ते म्हणाले. "एकदा झालेल्याला कोणी विचारत नाही. निदान तीनदा यायला पाहिजे." आणि आत्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. "आत्या, पुढच्या दसऱ्याला परत अशाच भांडून या की. आणि त्याच्या पुढच्यालाही. बंब चालेल, दुसरं काही असलं तरी चालेल."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. थोरल्या आत्यांनी गोळी तोंडात टाकली. "आणि नाही भांडलो तर?"

"तर कंट्रोल म्हणून धरतो," दाजी म्हणाले आणि वहीत नोंद करायला गेले.